ब्राउनश्वाइगचं मुकं अपील

आधीच सांगून टाकते. महिनाभर जर्मनीत राहिले, पण मी र्‍हाईन नदी पाहिली नाही, एकही राजवाडा आतून पाहिला नाही आणि बर्फाच्या डोंगरापुढे उभं राहून फोटो काढला नाही. ते हवं असेल त्यांनी पान उलटावं. मी तिथे तीन रविवार क्रिकेट पाहिलं आणि एका बाईंच्या दाराची घंटा वाजवली. लिहिण्यासारखं घडलं ते या दोन गोष्टींतूनच.

न्युरेम्बर्ग

मला जर्मनीला बोलावलं ते आमच्या मैदानामुळे. आमच्या भागातल्या शाळेच्या मैदानावर वाहनतळ बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा आम्ही पंधरा-वीस जणांनी दोन वर्षं पत्रकं छापली, वाटली आणि चौकात उभं राहून वाचून दाखवली. शहरातल्या मोकळ्या जागांसाठी भांडणाऱ्या निरनिराळ्या देशांतल्या तरुणांची न्युरेम्बर्गला तीन दिवसांची कार्यशाळा होती. तिथे आमच्याकडून मी गेले.

फुटबॉलचा विश्वचषक नुकताच होऊन गेला होता. बाल्कन्यांत झेंडे अजून लटकत होते. मी आमची पत्रकं दाखवली, मैदानाची गोष्ट सांगितली. ऐकणाऱ्यांतल्या एका जर्मन मुलीने वही उघडून विचारलं, "तुमच्या पत्रांना महापालिकेने काय उत्तर दिलं?"

मी म्हटलं, "उत्तर आलं नाही."

"म्हणजे उशिरा आलं?"

"आलंच नाही."

ती लिहायची थांबली. पत्राला उत्तर येत नाही ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरेना. पत्राला उत्तर येतं ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरेना. चहाच्या सुट्टीत आम्ही दोघी एकमेकींकडे प्राणिसंग्रहालयातल्यासारख्या बघत होतो. त्या गावी बोटाएवढे सॉसेज तीन-तीन एका पावात घालून देतात. मी शाकाहारी असल्याने मला नुसता पाव आणि मोहरीची चटणी मिळाली. देणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख होतं.

ब्राउनश्वाइग, वहिनीची वही

कार्यशाळा संपली, व्हिसाचे दिवस शिल्लक होते. मी गाडी पकडून उत्तरेला ब्राउनश्वाइगला गेले. तिथे मकरंददादा असतो, माझा आत्तेभाऊ. तिथल्या तंत्रविद्यापीठात यंत्रांच्या कंपनांवर पीएचडी करत होता. सात वर्षं जर्मनीत काढल्यामुळे फोनवरही "जा, जा, गेनाऊ" करतो, म्हणजे "हो हो, अगदी बरोबर". आत्या म्हणते, त्याला सारखं जा जा म्हणायची सवय लागली आहे, येतो कधी ते मात्र सांगत नाही.

दादा तिथल्या क्रिकेट संघाचा कप्तान. संघ म्हणजे वोल्फ्सबुर्गच्या मोटारकारखान्यातले इंजिनियर, विद्यापीठातले संशोधक आणि नवीद नावाचा लाहोरचा एक विद्यार्थी, जो भन्नाट वेगात चेंडू टाकतो आणि मराठी शिव्या बिनचूक देतो. शलाकावहिनी संघाची गुणलेखक. ती दिवसा प्रयोगशाळेत पेशी मोजते आणि रविवारी धावा.

पहिल्याच संध्याकाळी तिने मला हंगामाची वही दाखवली. मे महिन्यात एका धावेने हरले. जूनमध्ये बरोबरी. जुलैत चार धावा हव्या असताना पाऊस आला आणि सामना रद्द.

"आणि याआधीच्या वर्षी?" मी विचारलं.

"दुसरे."

"त्याआधी?"

"दुसरे. त्याच्याही आधी दुसरे." वहिनीने वही मिटली. "गटात पहिला येतो तोच वर जातो. आम्ही प्रत्येक वर्षी थोडक्यात हुकतो."

थोडक्यात हुकणं या शब्दाशी माझं वैर आहे. आमचं मैदान थोडक्यात वाचलं असतं, असं गेली दोन वर्षं ऐकते आहे. वाचलं असतं म्हणजे वाचलं नाही. मी तसं म्हटलं तेव्हा दादा ताटातून मान वर न काढता म्हणाला, "आसू, यंदा तीन सामने उरलेत. तिन्ही जिंकले तर आपण पहिले येऊ शकतो. प्रबंध देऊन झालाय. ऑक्टोबरात मी त्सुफेनहाउझेनला चाललो, तिकडे गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागलीये. इथून पाच तास लांब. माझा हा शेवटचा हंगाम. एकदा तरी वर जायचंय."

दादा फार बोलणारा माणूस नाही. तो इतकं एकदम बोलला म्हणजे ते किती आत गेलं असेल ते मला कळलं.

पहिला रविवार

मैदान गावाच्या कडेला. खरं ते एका स्पोर्ट्स क्लबचं फुटबॉलचं मैदान, त्यांच्या सौजन्याने रविवारी यांना मिळतं. मधोमध काथ्याची चटई अंथरून खेळपट्टी करतात. एका बाजूला ओकची झाडं, दुसऱ्या बाजूला तीनमजली घरांची रांग, प्रत्येक खिडकीत लाल जिरेनियम. चहापानाला वहिनीचे बटाटेवडे होते. पाव म्हणून तिथला ब्र्योटशन, ज्याचं कवच असं कडक की टाळूला खरचटतं. वडापाव जर्मनीत गेला की त्याला शिस्त लागते.

पंच म्हणून कॉलिन नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. पूर्वी ब्रिटिश सैन्याबरोबर जर्मनीत आले, इथल्याच मुलीशी लग्न करून राहिले, आता सत्तरीचे. पांढरा कोट घालून उभे राहतात. लहानपणापासून ते इंग्लंडमधल्या एका परगण्याच्या संघाचे भक्त आहेत. तो संघही म्हणे कायम दुसरा नाहीतर तिसरा. सामना सुरू व्हायच्या आधी ते मला म्हणाले, "सवय होते. जवळ जाऊन हरण्यातही एक गोडी असते."

मी म्हटलं, "मला ती गोडी कळत नाही."

"तुम्ही तरुण आहात," ते म्हणाले आणि चटईची टोकं तपासायला गेले.

आमच्या संघाने आधी फलंदाजी करून एकशे त्रेसष्ट केल्या. दीडला पाहुणे फलंदाजीला आले. आणि मग मला काहीतरी विचित्र जाणवू लागलं. मैदान मुकं झालं होतं. नवीद धावत आला, चेंडू पॅडवर आदळला, आणि अकरा माणसांनी हात वर केले. आवाज नाही. यष्टिरक्षक संकेत, हा कोल्हापूरचा, एरवी दोन वाक्यांत तिसऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलतो. तोही ओठ हलवून काहीतरी पुटपुटला. कॉलिननी मान हलवली. नाबाद.

मी वहिनीला विचारलं, "यांना काय झालंय?"

"मिटाग्सरूए," ती हळूच म्हणाली. "दुपारची शांतता. एक ते तीन. शेजाऱ्यांची तक्रार आली होती गेल्या वर्षी. तेव्हापासून आपण त्या वेळात ओरडत नाही. अपील करायचं, पण हळू आवाजात."

दोन चाळीसला ते घडलं. पाहुण्यांचा सर्वांत चांगला फलंदाज एकतीसवर होता. नवीदचा चेंडू बॅटची कड घेऊन गेला, कड मला सीमारेषेवर ऐकू आली. संकेतने उडी मारून झेल घेतला. अकरांचे अकरा हात वर. फलंदाज जागचा हलला नाही, चोरट्या नजरेने पंचांकडे बघत राहिला. कॉलिन समोर पाहत उभे. हात वर तसेच. मग एकेक हात खाली आला, नवीद डोकं हलवत मागे फिरला, पुढचा चेंडू पडला.

तो फलंदाज सत्तरपर्यंत गेला. आम्ही एका गड्याने हरलो.

सामना संपल्यावर दादाने कॉलिनना विचारलं, "तो झेल का दिला नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही," कॉलिन म्हणाले. "क्षेत्ररक्षकांनी विचारल्याशिवाय पंच बाद देऊ शकत नाही. नियमच आहे. हात वर केलेत, पण प्रश्न कुणी केला? ऐकला असता तर बोट वर गेलं असतं."

संकेत नवीदकडे वळला. "तू विचारलं नाहीस?"

"मला वाटलं तू विचारलंस."

"मला वाटलं कप्तानाने."

दादाला वाटलं होतं संकेतने. स्लिपमधल्याला वाटलं नवीदने. अकरा सुशिक्षित माणसांपैकी प्रत्येकाला दुसऱ्या कुणीतरी हळूच विचारलं असं वाटलं होतं. ओरडताना असं होत नाही. ओरडताना आपण ओरडलो की नाही हे माणसाला माहीत असतं.

ओर्डनर

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहायला घेतलं. सवयच आहे. मथळा: "जूनमध्ये भोंगे, ऑगस्टमध्ये तोंडाला कुलूप का?" कारण वहिनीनेच सांगितलं होतं की विश्वचषकाच्या महिन्यात याच गल्लीतून पहाटेपर्यंत मोटारींचे भोंगे वाजत होते आणि त्याच खिडक्यांतून लोक टाळ्या वाजवत होते.

दादाने कागद पाहिला. "हे काय?"

"जर्मनमध्ये करून दे. मी घरोघर वाटते."

"आसू, हे पुणे नाही."

"माहितीये. पुण्यात निदान शेजारी येऊन भांडतो तरी."

"तुझं जातंय काय? तू दोन आठवड्यांनी जाणार. इथे एकदा नाव खराब झालं की मैदान जाईल. आल्झो, म्हणजे बघ, आपण इथे पाहुणे आहोत."

"सात वर्षं कोण पाहुणा असतो रे? सात वर्षांत घरजावई होतो."

वहिनी हसली, दादा हसला नाही. मी म्हटलं, ती तक्रार तरी दाखवा. जर्मनीत प्रत्येक घरात जाडजूड फायलींची एक फळी असते, त्या फायलीला ओर्डनर म्हणतात, आणि माणसाचा सगळा जन्म भोकं पाडून त्यात लावलेला असतो. वहिनीने क्रिकेटचा ओर्डनर काढला. क्लबच्या कार्यालयाकडून आलेलं चार ओळींचं पत्र होतं. पुण्यात दोन पातळ्यांपर्यंत जर्मन शिकले होते, तेवढ्यावर मी ते शब्दकोश घेऊन वाचलं. रविवारी दुपारी होणाऱ्या आरडाओरड्याबद्दल समोरच्या घरातल्या एका रहिवासी बाईंनी चिंता व्यक्त केली आहे. खाली त्यांचं नाव आणि घराचा नंबर, फ्राऊ लिंडनर. आणि शेवटची ओळ: कृपया त्यांच्याशी एकदा बोलून घ्यावे.

"बोललात?" मी विचारलं.

दादा म्हणाला, "बैठक घेतली. एक ते तीन शांत राहायचं ठरवलं. ठराव टाइप करून सगळ्यांना पाठवला."

"त्यांच्याशी बोललात का?"

"कशाला जाऊन वाद घालायचा? त्रास होतोय म्हणाल्या, आपण बंद केलं. विषय संपला."

मी ते पत्र त्याच्यापुढे धरलं. "दादा, यात एक ते तीन कुठे लिहिलंय? शांत राहा कुठे लिहिलंय? यात लिहिलंय बोला. त्यांनी बोलायला सांगितलं आणि तुम्ही बोलणं बंद केलंत."

त्याने पत्र पुन्हा वाचलं. मग ओर्डनर मिटून फळीवर ठेवला. "पत्रक वाटायचं नाही," एवढंच म्हणाला. "आणि कुणाच्या दारात जायचं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला नाही. म्हणजे मी तो मोडलाही नाही, हे पुढे कामाला आलं.

दुसरा रविवार, दोन तुकड्यांची गाडी

दुसरा सामना परगावी, हॅनोव्हरच्याही पलीकडे. शनिवार-रविवारी पाच जणांना मिळून एकच तिकीट काढता येतं, म्हणून संघ पाच-पाचच्या टोळ्या करून निघतो. दादा, संकेत, नवीद, वहिनी आणि मी अशी आमची टोळी. डब्यात गर्दी होती, म्हणून आम्ही दोघी सामानाची मोठी पिशवी घेऊन मागच्या डब्यात बसलो. वहिनी मला वहीतल्या खुणा शिकवत होती, कुठला ठिपका म्हणजे काय. मध्ये एका स्टेशनवर बराच वेळ थांबून काहीतरी घोषणा झाली. आम्ही ठिपक्यांत होतो.

त्या देशात गाड्या मधोमध तुटतात. पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे दुसऱ्या. ज्याने घोषणा ऐकली तो पोचतो.

तिकीट तपासनीस आला तेव्हा वहिनीने अतिशय शुद्ध जर्मनमध्ये सांगितलं की आमचं तिकीट आमच्या कप्तानाकडे आहे.

"आणि कप्तान?"

"पुढच्या डब्यात."

तो खिडकीबाहेर पाहून म्हणाला, "मग तुमचं तिकीट या घडीला फार वेगाने दुसरीकडे चाललं आहे." त्याने पिशवीतून डोकावणाऱ्या बॅटींकडे पाहिलं, हे काय म्हणून विचारलं, आणि पुढच्या स्टेशनवर उतरून परत कसं जायचं ते एका कागदावर मिनिटांसकट लिहून दिलं. मी उगाचच भांडायच्या तयारीत बसले होते. भांडण वाया गेलं.

आम्ही दोन तास उशिरा पोचलो. तोवर आमच्या संघाने समोरच्यांच्या बॅटी आणि पॅड उसने घेऊन फलंदाजी आटपली होती. संकेतला लहान मापाचे पॅड मिळाले होते, गुडघ्याच्या खालीच संपणारे.

"काय ओ ताई," तो म्हणाला, "आमची हत्यारं घेऊन सहलीला गेलता व्हय?"

"किती केल्यास?"

"अठ्ठावन्न. ही बॅटच लकी हाय. आता आमच्या बॅटी तुम्हीच ठेवा."

ते मैदान शेतात होतं, आजूबाजूला मका, घर एकही नाही. आमची पोरं पोटभर ओरडली. एकेका अपिलाला मक्यातून पक्षी उठत होते. आम्ही चाळीस धावांनी जिंकलो. परतीच्या गाडीत बातमी आली, पहिल्या नंबरावरचा संघ त्यांचा सामना हरला होता. आता हिशेब सरळ होता. शेवटच्या रविवारी आम्ही जिंकायचं आणि त्यांनी हरायचं, तर विजय सारखे होऊन धावगतीवर आम्ही पहिले. दादा खिडकीतून बाहेर बघत होता. मी पाहिलं, त्याचे ओठ "हाऊज दॅट" म्हणत होते. आवाज नव्हता. सवयच लागली होती.

फ्राऊ लिंडनर

बुधवारी दादा-वहिनी कामावर गेल्यावर मी ट्राम पकडून मैदानापाशी गेले. पत्रक बरोबर नेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हाताने एका दाराशी उभी होते. पत्रक हातात असलं की माणूस त्याच्यामागे उभा राहतो.

दार एका पंचाहत्तरीच्या उंच बाईंनी उघडलं. मी गाडीत पाठ केलेली वाक्यं तिथे सगळी विसरले. तोंडातून निघालं ते असं: "नमस्कार. मी क्रिकेटकडून आले. आम्हाला रविवारी ओरडायचं आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि म्हणाल्या, "आत या. केक आहे."

आलुबुखाऱ्याचा केक होता, दिवस त्याचेच होते. उघड्या खिडकीतून गांधीलमाश्या येत होत्या आणि बाई त्यांना पोस्टकार्डाने हलकेच बाजूला सारत होत्या. त्या खिडकीतून अख्खं मैदान दिसत होतं.

मी माझ्या तोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की एक ते तीन आमची मुलं गप्प राहतात.

"का?"

"तुमची झोप."

"मी दुपारी झोपत नाही," त्या म्हणाल्या. "आणि ते गप्प राहतात हे मी पाहिलं आहे. तेव्हा तर मला जास्त भीती वाटते. तुम्ही हे सांगा, त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काय केलं आहे?"

"कुठले म्हातारे गृहस्थ?"

"पांढऱ्या कोटातले." त्या खिडकीशी गेल्या आणि बोट दाखवून सांगू लागल्या. तो माणूस पाच तास उन्हात उभा असतो. त्याला कुणी खुर्ची देत नाही. दर थोड्या वेळाने एक दांडगा तरुण धावत त्याच्याजवळून जातो आणि मग सगळे मिळून त्याच्यावर ओरडतात. तो मान हलवतो, तरी ओरडतात. शिवाय आपले स्वेटर आणि टोप्या त्याच्याच अंगावर लटकवतात, खुंटीला लटकवावेत तशा. "मी क्लबला लिहिलं, या माणसाची मला काळजी वाटते. त्यानंतर ओरडणं थांबलं, पण आता ते हात वर करून नुसते त्याच्याकडे बघतात. ते तर फारच भयंकर आहे."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. ही बाई वर्षभर एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी खिडकीत उभी होती. कार्यालयाने तिचं वाक्य आखडून चार ओळींत बसवलं, ते ठीक. पण "बोला" ही ओळ तर त्यांनी लिहिली होती. बाकी सगळं आमच्याच पोरांनी स्वतःवर लादून घेतलं. कुणी मागितलं नव्हतं ते मौन यांनी भक्तिभावाने पाळलं, ठराव करून, टाइप करून, ओर्डनरला लावून. एकाचीही घंटा वाजवायची छाती झाली नाही.

अपील म्हणजे काय ते समजवायला मला दोन केक लागले. "तो न्यायाधीश आहे," मी म्हटलं. "विचारल्याशिवाय तो बोलू शकत नाही."

"मग विचारायला नको का?" फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "मोठ्याने विचारा. त्या वयात ऐकू कमी येतं."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. दादा आधी भडकला. मग खुर्चीत बसला.

"म्हणजे तो झेल," शेवटी म्हणाला.

"हो."

"उगाच गेला."

"हो," मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही, आणि इथे गोड बोलण्यासारखं काही नव्हतंच.

शेवटचा रविवार

दादाने खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोल उभं केलं आणि तीन वाक्यांत ठराव रद्द केला. नवीदने विचारलं, "कितीही मोठ्याने?" दादा म्हणाला, "कितीही."

फ्राऊ लिंडनर साडेबाराला घडीची खुर्ची घेऊन आल्या. ती कॉलिनसाठी होती. कॉलिननी कमरेत वाकून आभार मानले आणि पंचाला बसता येत नाही असं सांगितलं. बाईंना हा नियम पटला नाही. मलाही नाही.

आम्ही एकशे एक्केचाळीस केल्या, कमीच. दुपारी दीडला पाहुणे खेळायला आले. पावणेदोनला नवीदचा चेंडू पॅडवर बसला आणि अकरा गळ्यांतून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. वर्षभराचा साठलेला होता. चौथ्या मजल्यावर कुणी राहत असता तर तोही दचकला असता. दादा तर गुडघ्यावर बसून ओरडत होता, कप्तानाने करू नये तसा. कॉलिननी बोट वर केलं. नंतर म्हणाले, इतक्या मोठ्याने विचारलंत तरी बाद होता म्हणूनच दिला, कृपया गैरसमज नको. शेवटचा गडी साडेतीनला पडला. एकोणीस धावांनी जिंकलो.

मग वाट बघणं. दुसऱ्या गावी तो पहिल्या नंबरचा संघ खेळत होता. संकेतच्या मोबाइलवर निरोप यायचा होता. कुणी बूट काढत नव्हतं. वडे गार झाले. फोन वाजला, संकेतने वाचलं आणि दादाकडे दिला.

ते दोन गडी राखून जिंकले होते. आम्ही दुसरे. एका विजयाने मागे. तो एक विजय कुठे गेला हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं.

नवीद म्हणाला, "तो झेल."

"झेल नाही," दादा म्हणाला. "झेल संकेतने बरोबर घेतला होता. पत्र मी वाचलं होतं. माझी चूक आहे."

कॉलिन जवळ आले, त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या परगण्याची गोष्ट सुरू केली, शेवटच्या दिवशी पावसाने हुकलेल्या विजेतेपदाची. दादाने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाला, "कॉलिन, मला ती सवय नकोय." मग वहिनीकडे वळला. "शलाका, पुढच्या वर्षीच्या खेळाडूंची यादी कधी द्यायची असते?"

"ऑक्टोबर संपायच्या आत."

"माझं नाव घाल."

"त्सुफेनहाउझेनहून?"

"शनिवारी गाडीने येईन. पुढच्या डब्यात बसेन."

कुणीतरी हसलं. वहिनीने वही उघडली आणि मागच्या पानावर त्याचं नाव लिहिलं, तिथल्या तिथे.

सोमवार

माझी परतीची गाडी दुपारी होती. सकाळी दादाने विचारलं, "कपडे भरलेस? मग चल, अकरापर्यंत वेळ आहे." त्याने प्रयोगशाळेतून रजा घेतली होती. सात वर्षांत आजारी नसताना घेतलेली पहिली, असं वहिनी म्हणाली.

मैदानासमोर तीन इमारती, अठरा घरं. मी म्हटलं, कागद छापून पेट्यांत टाकू, दहा मिनिटांत काम होईल. दादा म्हणाला, "नको. पत्रं पुष्कळ झाली."

पहिल्या दारापुढे तो इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं परत फिरतो. शर्टाची कॉलर नीट केली. मी मागे दोन पायऱ्या खाली थांबले, हे काम माझं नव्हतं. त्याने घंटा दाबली. आत कुत्रा भुंकला, साखळी निघाली आणि बनियनवरचा एक जाडा माणूस कॉफीचा मग घेऊन दारात आला.

"नमस्कार," दादा म्हणाला. "मी श्री. जोगळेकर. समोरच्या मैदानावर रविवारी ओरडतो तो."

माणसाने मगातून एक घोट घेतला. "काल तुम्हीच का?"

"आम्हीच," दादा म्हणाला. "एप्रिलमध्ये परत सुरू करतोय. कशासाठी ओरडतो ते सांगायला आलोय. पाच मिनिटं आहेत का तुम्हाला?"